एमजीए 1500: सोलापूरच्या उन्हात सात वर्षं

एमजीए 1500 ही एमजी कंपनीची जुनी इंग्लिश दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी. ही गाडी सोलापुरात ठेवता येते का, असं मला विचारणारे पुष्कळ भेटतात. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्यावर चपला काढतानासुद्धा. सगळ्यांना रस्त्यात उभं राहून नीट सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमची एमजीए 1957 सालची. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1955 ते 1962 या काळात अशा एक लाखाच्या वर गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक देशाबाहेर गेल्या, सगळ्यात जास्त अमेरिकेत. त्यातली ही एक मामंजींनी 1974 साली हैदराबादहून स्वतः चालवत आणली. 1989 ला ब्रेक धरेनासे झाले म्हणून शेडमध्ये लावली, ती तिथंच राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्या लेखी चार जुन्या चादरींखालची एक उंचवट्यासारखी वस्तू होती, जिच्यावर टॉवेलचे गठ्ठे ठेवायचे नाहीत एवढाच नियम होता. मामंजी गेल्यावर 2015 मध्ये मी त्या चादरी काढल्या. 2018 च्या दिवाळीत गाडी रस्त्यावर आली. तेव्हापासून साधारण अकरा हजार किलोमीटर झाले, आणि बहुतेक मीच चालवलेत.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. या गाडीचं इंजिन बीएमसीचं (म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, 1489 सीसी. जुन्या पेट्रोल अँबॅसिडरमध्ये हेच इंजिन असायचं. सिलिंडरचा व्यास (बोअर) तेवढाच, पिस्टनची धाव (स्ट्रोक) तेवढीच. एमजीएमध्ये त्याला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) आणि जास्त कॉम्प्रेशन देऊन ताकद 70 हॉर्सपॉवरच्या आसपास नेली, पण भावंडं ती भावंडंच. चादरी काढल्या त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी इंग्लंडहून पार्ट मागवायचे हिशेब करत बसले होते. आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात लूमचं काम बघणारे अण्णा बॉनेट उघडून वाकले आणि म्हणाले, "वैनी, हे तर अँबॅसिडरचं की." पिस्टनच्या रिंगा, बिग एंडची बेअरिंगं आम्हाला जुन्या टॅक्स्यांच्या स्पेअरवाल्याकडे मिळाली, तीही कोऱ्या डब्यातली. सगळंच जुळत नाही, हेडचं आणि कॅमचं काम वेगळं आहे, त्यामुळं मापं घेतल्याशिवाय काही विकत घेऊ नका. पण ज्या गावात चाळीस वर्षं अँबॅसिडर धावली त्या गावात ही गाडी अनाथ नाही.

अण्णांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दोन कार्बोरेटर सारखे लावणं हे या गाडीतलं सगळ्यात नाजूक काम. एक जास्त हवा ओढायला लागला की गाडी उभ्या जागी थरथरते आणि पिकअप मरतो. बाहेरच्या एका मोठ्या गॅरेजनं त्यासाठी माझ्याकडून बरेच पैसे घेतले आणि गाडी होती त्याहून वाईट करून दिली. अण्णांनी गॅसच्या शेगडीची हातभर नळी घेतली. एक टोक कानात, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. डोळे मिटले. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. स्क्रू पाव आटा फिरवला, पुन्हा पहिला. आयुष्यभर शंभर लूमच्या खडखडाटात कुठला लूम चुकतोय ते आवाजावरून ओळखणारा माणूस. वीस मिनिटांनी त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "कान लावा की. दोन्हीकडं सारखाच सुस्कारा आला पाहिजे." आला. आता ते काम मीच करते.

चालू करण्याची पद्धत मला फार आवडते. किल्ली फिरवली की सीटच्या मागून इलेक्ट्रिक पंपाची टिकटिक सुरू होते, आधी भराभर, मग सावकाश, मग थांबते. थांबली की कार्बोरेटर भरले. मग चोक ओढायचा, डॅशबोर्डवरचा स्टार्टरचा खटका ओढायचा. हॉर्न स्टिअरिंगवर नाही, डॅशबोर्डच्या मधोमध आहे. डिपर पायानं दाबायचा. दाराला बाहेरून हँडलच नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडतं. बसल्यावर पाय पुढं लांब पसरतात आणि बूड रस्त्याच्या इतकं जवळ असतं की शेजारच्या रिक्षाचं चाक डोळ्यांच्या रेषेत येतं. त्यामुळं अवजड गाड्यांच्या मागं मी कधीच चिकटून चालवत नाही, त्यांना आपण दिसतच नाही.

आता ऊन. खरी परीक्षा तीच. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) एकाच बाजूला, एकाच्या वर दुसरा. इंग्लंडच्या थंडीत त्याचं काही वाटत नसेल. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 वर गेला की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल अक्षरशः उकळतं. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. पंप थांबायचं नाव न घेता टिकटिकत होता, म्हणजे पेट्रोलऐवजी वाफ ओढत होता. मागं हॉर्नचा कल्लोळ. ऊसाच्या रसवाल्याकडून बर्फाचं पाणी आणलं, गाडीत ठेवलेला आमच्याच कारखान्याचा टॉवेल भिजवला आणि दोन्ही चेंबरवर पिळून ठेवला. सात-आठ मिनिटांत गाडी चालू झाली. त्यानंतर दोन्हींमधला उष्णता अडवणारा पत्रा नव्यानं करून घेतला, त्याला अस्तर लावलं, गिअरबॉक्सच्या बोगद्यालाही आतून जाड फेल्ट चिकटवलं, कारण उन्हाळ्यात क्लचवरचा पाय भाजतो. फरक खूप पडला. तरीही मार्च ते जून सकाळी साडेआठच्या आत गाडी घरात, हा माझा नियम आहे. तो पाळता येत नसेल तर ही गाडी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

पेट्रोलचं दुसरं दुखणं नवं आहे. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यानं जुनं रबर मऊ पडतं. एका सकाळी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, नळीला बोट लावलं तर बोट काळं झालं. खाली तापलेला मॅनिफोल्ड! त्याच दिवशी सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या आणि सीटमागं अग्निशामक सिलिंडर बांधला. हे पहिल्या आठवड्यात करा, गाडीला रंग द्यायच्या आधी.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. हायड्रॉलिकची लाइन एकच, म्हणजे एक नळी फुटली तर चारही चाकं गेली. मामंजींची गाडी त्यासाठीच उभी राहिली होती. मी दर दोन वर्षांनी होजपाइप बदलते, फुटोत न फुटोत.

वायरिंगबद्दल एकच सूचना. या गाडीत बॉडीला बॅटरीचं प्लस जोडलेलं असतं, मायनस नाही. आमच्या एका इलेक्ट्रिशियननं सवयीनं उलटं जोडलं आणि मी हौसेनं लावलेला रेडिओ धूर सोडून गेला. आता बॅटरीच्या झाकणावर लाल रंगानं लिहून ठेवलंय.

टपाचं, म्हणजे कापडी छताचं, काम मात्र स्वस्तात आणि सुरेख झालं. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यानं जुन्या टपाच्या चिंध्यांवरून माप घेऊन नवा शिवला, शिवण एकदम सरळ, पावसात एक थेंब आत नाही. बाजूच्या खिडक्या मात्र कायम गळतात.

कागदपत्रांचं: पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 चे व्हिंटेज नियम आहेत. नवीन नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांसाठी, आणि जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज कामाला वापरता येत नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्या.

आणि आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. पहाटे साडेपाचला तुळजापूर रस्ता. गार वारा, टप मागं. गाडीचं वजन जेमतेम नऊशे किलो, स्टिअरिंग रॅक अँड पिनियन, हाताच्या किंचित हालचालीला चाक वळतं. घाट लागला की तिसरा गिअर. वळणाआधी पाय थोडा सैल करायचा, वळणाच्या मध्यावर पुन्हा द्यायचा, आणि इंजिन असा भरीव आवाज काढतं की सरळ छातीत जातो. ताशी साठ किलोमीटरचा वेग तिथं शंभरासारखा वाटतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत दात अलगद जुळवणारी सोय) नाही, त्यामुळं चढावर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, दात वाजतात. ॲव्हरेज मला दहाचं मिळतं. कोजागरीला या रस्त्यानं जाऊ नका, त्या रात्री सगळं सोलापूर पायी तुळजापूरला निघालेलं असतं.

गेल्या नवरात्राआधी सासूबाईंना घेऊन गेले होते. वय 81, गुडघे दुखतात, गाडीत एवढं खाली बसायला जमेल का याची मला काळजी होती. मी दार उघडायला पलीकडून वळसा घालून येईपर्यंत त्यांनी पदर खोचला, आत हात घातला आणि न बघता दोरी ओढली.