रिअ‍ॅक्टर स्थिरावला हे कशावरून ठरवायचं? एकाच उदाहरणावर तीन चाचण्या

स्थिर अवस्थेचे आकडे घ्यायचे तर आधी ती आली आहे हे ठरवावं लागतं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. एक ठोस उदाहरण घेऊ. ढवळणीच्या रिअ‍ॅक्टरचा कालस्थिरांक (उरलेला बदल सुमारे ६३ टक्के पूर्ण व्हायला लागणारा वेळ) ४० मिनिटं आहे. सेटिंग बदलल्यावर तापमानाला १२ अंश चढायचं आहे. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा संवेदक, दर १० सेकंदांनी वाचतो आणि वाचनांतल्या गोंगाटाचं (यादृच्छिक चढउतारांचं) प्रमाण विचलन ०.३ अंश आहे. १०० मिनिटांनंतरही जवळजवळ १ अंश चढायचा बाकी असतो. हा उरलेला अंश कोणती चाचणी पकडते, ते पाहू.

खिडकीतला उतार. शेवटच्या ५ मिनिटांच्या ३० वाचनांतून सरळ रेषा बसवायची आणि उतार शून्य आहे का, याची टी-चाचणी करायची, म्हणजे उतार त्याच्या प्रमाण त्रुटीच्या (अंदाजातल्या अनिश्चिततेच्या) किती पट आहे ते पाहायचं. १०० व्या मिनिटाला खरा उतार मिनिटाला ०.०२५ अंश असतो, पण त्याची प्रमाण त्रुटी ०.०३८ येते. टी जेमतेम ०.६५, आणि ओलांडायला हवेत २.०५. चाचणी ‘उतार नाही’ म्हणते, आणि अनेक जण तिथेच प्रयोग थांबवतात. उतार दिसला नाही म्हणजे तो नाही असं होत नाही. खिडकीच आखूड होती. वर दर मिनिटाला चाचणी लावली की चुकून उत्तीर्ण व्हायची नवी संधी दर मिनिटाला मिळते.

उपाय म्हणजे प्रश्न उलटा विचारायचा. परवडणारी चूक ०.२ अंश असेल, तर ती कालस्थिरांकाने भागा, कारण उरलेला चढ भागिले कालस्थिरांक म्हणजेच उतार: मिनिटाला ०.००५ अंश. उताराच्या विश्वास मर्यादा (खरा उतार ज्यांच्या दरम्यान असावा अशी दोन टोकं) अधिक-उणे ०.००५ च्या पट्ट्यात पूर्ण मावल्या तरच ‘स्थिर’ म्हणायचं. त्यासाठी ४५ मिनिटांची खिडकी लागते. तिथे प्रमाण त्रुटी ०.००१४ वर येते. किती वेळा तपासणार हे आधीच ठरवा. पाच वेळा तपासायचं असेल तर प्रत्येक वेळी चुकीची मुभा ५ ऐवजी १ टक्का. या हिशेबाने निकाल साधारण पावणेचार तासांनी लागतो. वेळ खूप वाटतो, पण खात्रीची किंमत तेवढी आहे.

आर-गुणोत्तर. काओ आणि ऱ्हाइनहार्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत. गाळलेल्या सरासरीपासूनचं (नव्या वाचनांना थोडं-थोडं वजन देत पुढे सरकणाऱ्या सरासरीपासूनचं) विचलन आणि लागोपाठच्या वाचनांतला फरक, या दोहोंवरून प्रसरणाचे (प्रमाण विचलनाच्या वर्गाचे) दोन अंदाज काढून त्यांचं गुणोत्तर घ्यायचं. स्थिर असताना ते १ च्या आसपास राहतं. मोजकीच मूल्यं साठवावी लागतात, म्हणून पीएलसीवर (प्लांट चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकावर) सहज बसते. पण गाळणी-गुणांक (सरासरीत नव्या वाचनाचं वजन) ०.२ ठेवून १० सेकंदांची वाचनं दिली, तर वरच्या उदाहरणात गुणोत्तर एक टक्काही हलत नाही. दर ५ मिनिटांनी एक वाचन द्या, तेच ४ च्या वर जातं. वाचनांतलं अंतर चुकलं की गुणांक थोडेफार बदलून फारसा उपयोग होत नाही. दुसरा धोका असा, की गोंगाट लागोपाठ एकाच दिशेने वाहत असेल तर स्थिर असूनही गुणोत्तर १ च्या वरच राहतं. तेव्हाही वाचनं विरळ करावी लागतात.

क्रमिक संभाव्यता-गुणोत्तर चाचणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्राहम वाल्ड यांनी मांडलेली. प्रत्येक नव्या मोजणीनंतर ‘स्थिर’ आणि ‘ढळतोय’ यांच्या संभाव्यतांचं गुणोत्तर काढते, आणि ते सीमांच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून ‘स्थिर’, ‘ढळतोय’ आणि ‘अजून पाहा’ अशी तीन उत्तरं देते. प्रत्येक टप्प्यावर पाहण्याची मुभा तिच्या सीमांतच धरलेली आहे, हा तिचा मोठा फायदा. ढळणाऱ्याला स्थिर म्हणण्याची चूक ५ टक्के आणि उलट चूक १० टक्के धरली, तर या गुणोत्तराच्या लघुगणकाच्या सीमा २.८९ आणि उणे २.२५ येतात. १५-१५ मिनिटांच्या सरासरींच्या स्वतंत्र जोड्या घेतल्या तर आपल्या उदाहरणात, तापमान खरंच थांबल्यावर, सरासरी दोन-तीन जोड्यांत निकाल लागतो. गोंगाटाचं प्रसरण मात्र आधी माहीत असावं लागतं. सुरुवातीच्या चढावर ती ‘ढळतोय’ म्हणून थांबते. मग शून्यापासून पुन्हा सुरू करावी लागते आणि प्रत्येक नव्या सुरुवातीबरोबर चुकीची संधी वाढते. म्हणून तीन कालस्थिरांक, म्हणजे इथे दोन तास, उलटल्याशिवाय ती सुरूच करू नका.

अहवालात आकडा छापायचा असेल तर मर्यादा पट्ट्यात मावण्याची अट घ्या. प्लांटवर चोवीस तास नजर ठेवायची असेल तर आर-गुणोत्तर, पण वाचनांतलं अंतर आधी जमवून. प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागत असेल आणि मोजणीचं प्रसरण पक्कं माहीत असेल, तर वाल्डची चाचणी.