बाळाला सांभाळणाऱ्या ताई: अकरा महिन्यांनंतर

माणसाबद्दल 'वापरून पाहिलं' असं लिहिणं बरं वाटत नाही. म्हणून आधीच सांगते, यात ताईंपेक्षा आमच्याबद्दलच जास्त आहे. बाळ सात महिन्यांचं असताना ताई आल्या, आता ते दीड वर्षाचं आहे.

निवडताना पाच जणींशी बोललो. "मुलांची आवड आहे का?" हा माझा पहिला प्रश्न अगदीच फुकट गेला, नाही कोण म्हणेल? कामी आला तो दुसरा: बाळ अर्धा तास रडतंय, काही केल्या थांबत नाही, मग काय करता? एकीच्या हातात म्हणे मूल कधी रडतच नाही. ताई म्हणाल्या, "लंगोट बघते, भूक बघते, अंगाला हात लावून बघते. तरी नाहीच थांबलं आणि माझंच डोकं तापलं, तर पाळण्यात नीट ठेवून दोन मिनिटं बाजूला होते." तिथेच ठरलं. आधीच्या घरी फोन केला तेव्हाही "कशा आहेत?"पेक्षा "पुन्हा ठेवाल का?" या प्रश्नाने जास्त कळलं.

पहिला आठवडा मी घरीच होते, पूर्ण पगार देऊन. या वयात मुलं परक्यांना बुजायला लागतात, त्यामुळे तो आठवडा हवाच होता. पुढे मी बाळाची नजर चुकवून सटकायला लागले, आणि ते दिवसभर दाराकडे बघत बसायला लागलं. "रडलं तर रडू दे, पण सांगून जा," हे ताईंनी मला शिकवलं.

खटका उडाला तो झोपवण्यावरून. त्यांना पालथं झोपवायची सवय, मला ते मान्य नव्हतं. 1994 साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. पण हे माझ्या तोंडून ऐकणं म्हणजे कालच्या पोरीने शिकवणं! शेवटी पुढच्या तपासणीला ताईंना सोबत नेलं. डॉक्टरांनी झोपेचं सांगितलं, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही हेही बजावलं. घशात काही अडकलं तर डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि मग छातीवर पाच दाब, हे बाहुलीवर करून दाखवलं. ताईंना पहिल्याच वेळी जमलं, माझं चुकलं. त्या दिवसापासून आमचं जमलं असं म्हणायला हरकत नाही.

खरी चूक तिसऱ्या महिन्यात सापडली. बाळाच्या दुधाच्या आणि झोपेच्या नोंदींची वही आहे. मी झोपेचा हिशोब बघत होते, आणि रोजच्या शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं. ताई निघायची वेळ लिहायच्या: 6:10, 6:25, 6:40. ठरलेली वेळ होती सहाची. माझं रोजचं "पाच मिनिटांत आलेच" महिनाभरात नऊ तासांवर गेलं होतं. त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांचंही घर आहे, तिथेही कोणी वाट बघतं.

मग आम्ही कागद केला. घरकामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा करार आहे, क्रमांक 189. कामाच्या अटी आधी स्पष्ट सांगाव्यात, जमेल तिथे लेखी द्याव्यात, आठवड्याला सलग चोवीस तास सुट्टी असावी, असं त्यात म्हटलंय. तोच समोर ठेवला. जादा वेळेचे पैसे वेगळे. आम्ही बाहेर गेलो तरी पगार चालू, कारण सुट्टी आमची आहे. आजारपणाची भरपगारी रजा मात्र सुचायला उशीर झाला. एकदा त्या तापात कामावर आल्या, पगार कापतील या भीतीने, आणि मग घरातले सगळेच आडवे झालो.

तक्रारी? त्या फोनवर फार बोलतात. कॅमेरा लावला होता, त्यांना सांगून. महिन्यानंतर आम्हीच बघायचं सोडलं. आणि मागे बाळ पडलं तेव्हा माझ्या पुढ्यातून रांगत ताईंकडे गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली.

पुढच्या वर्षी बाळ अर्धा दिवस बाहेर जाईल, म्हणजे काम निम्मं. निम्म्या कामाला पूर्ण पगार आम्हाला झेपणार नाही, निम्म्या पगारात त्यांचं भागणार नाही. हे बोलणं आम्ही दोन आठवडे टाळतोय.