न सांगता क्रेडिट रिपोर्टवर चढवलेली थकबाकी

अमेरिकेत घर घेणार असाल किंवा नुकतंच अपार्टमेंट बदललं असेल, तर हे वाचा.

आमचं मॉर्गेज मंजुरीच्या टप्प्यावर होतं. लोन ऑफिसर म्हणाला, क्रेडिट रिपोर्टवर (कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात) एक कलेक्शन अकाउंट, म्हणजे वसुली एजन्सीकडे गेलेली थकबाकी, दिसतंय. रक्कम दोनशे डॉलरच्या आतली. जुन्या घरातल्या इंटरनेटचा राउटर म्हणे आम्ही परतच केला नव्हता. केला होता, पावतीही जपून ठेवली होती. पण ज्या एजन्सीने ही नोंद टाकली तिचं ना कधी पत्र आलं, ना फोन, ना ईमेल.

फोन केला तर पलीकडची बाई भलतीच गोड. "आत्ता कार्डाने भरून टाका, घराचं काम अडायला नको." घराचा विषय मी काढलाही नव्हता! त्यांना फोन करणारे बहुतेक असेच अडलेले असणार.

या प्रकाराला डेट पार्किंग म्हणतात. वसुलीसाठी मागे लागायचंच नाही. गुपचूप नोंद टाकून बसायचं, माणूस कर्जासाठी अडला की आपणहून येतो. ३० नोव्हेंबर २०२१ पासून लागू असलेल्या रेग्युलेशन एफ या कर्जवसुलीच्या सरकारी नियमानुसार हे चालत नाही. ब्युरोला, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला, कळवण्याआधी कलेक्टरने (वसुली एजन्सीने) तुमच्याशी समोरासमोर किंवा फोनवर बोललं पाहिजे. नाहीतर पत्र किंवा ईमेल पाठवून ते परत येतंय का, याची पुरेशी वाट पाहिली पाहिजे. त्यासाठी १४ दिवस पुरेसे धरले आहेत. मेख इथेच आहे. पत्र पाठवलं एवढं त्यांना पुरतं, ते तुमच्या हाती पडलंच पाहिजे असं नाही. म्हणून घर बदललं की पोस्टात पत्ताबदल नोंदवाच.

मी पैसे भरले नाहीत. भरले तरी नोंद पुसली जाईलच असं नाही. 'पेड' म्हणून ती मूळ थकबाकीपासून साधारण ७ वर्षं राहू शकते. एजन्सीला सर्टिफाइड मेलने लिहिलं: ही थकबाकी मला मान्य नाही, नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर पाठवली ते दाखवा. सोबत इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंकडे पावती जोडून डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाकला. त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. एकाने 'पडताळलं, बरोबर आहे' असं कळवून हात झटकले. कसलं पडताळलं? एजन्सीलाच विचारलं असणार. मग सीएफपीबी या ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार केली, तेव्हा कुठे एजन्सीने नोंद मागे घेतली. नोटिशीचा पुरावा मात्र शेवटपर्यंत दाखवला नाही.

या सगळ्यात आमचा रेट लॉक (ठरावीक मुदतीपुरता पक्का केलेला व्याजदर) संपला आणि तो वाढवायचे पैसे आमच्याच खिशातून गेले. त्यासाठी आता वकिलाशी बोलतोय. एफडीसीपीए या कर्जवसुलीच्या कायद्याखाली प्रत्यक्ष नुकसानीखेरीज १,००० डॉलरपर्यंत भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते, पण दावा उल्लंघनापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो.

आणि नोंद गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. काढलेली नोंद ब्युरोने पुन्हा घातली, तर ५ कामकाजी दिवसांत तुम्हाला लेखी कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तिन्ही रिपोर्ट दर आठवड्याला ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर फुकट मिळतात. कर्जाचा अर्ज करण्याच्या चार-सहा महिने आधीपासून ते बघायला लागा.