परसातील कोंबड्यांची राखण: कोणती जाळी, कसे खुराडे, कोणते कुंपण?

परसात थोड्या कोंबड्या पाळणाऱ्याने राखणीवर खर्च करण्याआधी आपल्याकडे येणारा शत्रू कोण आहे हे ओळखावे, कारण सापाला अडवणारी व्यवस्था कुत्र्यापुढे टिकेलच असे नाही आणि कुत्र्याला थोपवणाऱ्या कुंपणातून साप सहज निघून जातो. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील आणि मागे काहीच खूण उरत नसेल, तर बहुधा सापाचे काम असते, कारण तो अंडे अख्खे गिळतो. टरफलांचे तुकडे पडलेले असल्यास मुंगूस, घूस किंवा कावळा यांच्यावर संशय घ्यावा. एकाच वेळी अनेक कोंबड्या मारून तिथेच टाकल्या असतील तर कुत्रा किंवा मुंगुसासारखा प्राणी आत शिरलेला असू शकतो. या खुणांवरून अंदाजच बांधता येतो. अधिक खात्रीसाठी खुराड्याच्या दारापुढे संध्याकाळी बारीक माती पसरून ठेवावी आणि सकाळी ठसे पाहावेत.

निवडीचा मुख्य प्रश्न जाळीचा आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. षटकोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी स्वस्त, हलकी आणि वळवायला सोपी असते, परंतु ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच आहे. तिची तार कुत्रा दातांनी तोडू शकतो, आणि साधारण 25 मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक अंगाचा साप आत येतो. आत आल्यावर त्याने अंडे गिळले की पोटाचा फुगवटा त्याच छिद्रातून बाहेर निघत नाही, आणि सकाळी अंडी गोळा करायला पेटीत हात घालावा तर कोपऱ्यातल्या तुसात तो वेटोळे घालून बसलेला सापडतो. विषारी साप असेल तर हा प्रसंग माणसाच्याच जिवावर बेततो. याउलट जाड तारेची, सांधे वेल्ड केलेली, चौकोनी 12 मिलिमीटर छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी महाग आणि कापायला त्रासदायक असली, तरी अंडे गिळण्याइतका मोठा साप तिच्यातून येत नाही, शिवाय मुंगूस आणि घूसही अडते. 6 मिलिमीटरची जाळी आणखी सुरक्षित असते, मात्र तिच्यात धूळ आणि कोळिष्टके अडकून हवा कोंडते. म्हणून ती पिल्लांच्या कप्प्यापुरती वापरावी आणि बाकी सर्वत्र 12 मिलिमीटरची लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगली जाळी नुसत्या बारीक खिळ्यांनी ठोकली तर मात्र हिसक्याने निघते. तिच्या कडा लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रू आणि वॉशरने आवळाव्यात.

जमिनीखालून पोखरून येणाऱ्यांसाठी जाळी सुमारे 30 सेंटिमीटर खोल पुरणे किंवा खुराड्याच्या पायापासून बाहेरच्या बाजूला जमिनीसरशी 45 ते 60 सेंटिमीटर पसरणे, असे दोन मार्ग आहेत. पुरलेली जाळी दिसत नाही आणि पायात येत नाही, परंतु चर खणण्याचे कष्ट मोठे आणि मातीत तार लवकर गंजते. उकरणारा प्राणी सहसा भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करतो, त्यामुळे पसरलेली जाळी त्याच्या नखांना लगेच लागते. खडकाळ जागी तर हाच मार्ग सोयीचा.

खुराडे जमिनीवर असावे की खांबांवर? खांबांवर उचललेल्या खुराड्याखाली वारा खेळतो, ओल धरत नाही आणि साप किंवा उंदीर दडून बसला तर तो नजरेला पडतो. पण झाडावर चढणाऱ्या सापाला खांब अडवत नाहीत, म्हणून उंची हा जाळीला पर्याय नव्हे. जमिनीवरच्या खुराड्याला सिमेंटचा कोबा केल्यास घुशीचा बंदोबस्त पक्का होतो, मात्र मग ते कधी हलवता येत नाही. दोन्ही प्रकारांत दाराची फट हीच दुबळी जागा असते. जिथे करंगळी सहज शिरते, ती जागा बंद करावी. कडी अशी असावी की ती एका धक्क्याने उघडणार नाही.

विजेच्या झटक्याचे कुंपण कुत्रा आणि कोल्हा यांच्यावर चांगले काम करते, पण सापावर आणि आकाशातून येणाऱ्या पक्ष्यांवर त्याची भिस्त ठेवता येत नाही, आणि गवत तारेला टेकले की त्याचा जोर उतरतो. कोंबड्यांची सवय असलेला राखणदार कुत्रा सस्तन शिकाऱ्यांना दूर ठेवतो. ज्याला आधीच कुत्रा पाळायचा आहे त्याच्यासाठी तो उत्तम; केवळ कोंबड्यांसाठी कुत्रा आणणे मला पटत नाही. दिवसा मोकळ्या आवारावर नायलॉनचे जाळे ताणल्यास घार, शिक्रा अडतात, परंतु ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये, कारण त्यात साप गुरफटून तडफडून मरतात.

साप दूर ठेवण्यासाठी नॅप्थालीनच्या (डांबराच्या) गोळ्या, गंधक आणि कार्बोलिक आम्ल यांची शिफारस सर्रास केली जाते. ती मान्य करू नये. गोळ्या आणि गंधक यांच्या चाचण्यांत साप ते ओलांडून गेले आहेत. शिवाय गोळी कोंबडीने टोचली तर तिला विषबाधा होऊ शकते आणि कार्बोलिकने कातडी भाजते. त्याऐवजी खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणे, सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडणे, अंडी दिवसातून दोनदा उचलणे आणि भोवतालचे लाकूडफाट्याचे ढीग हलवणे यांचा उपयोग कितीतरी जास्त होतो, कारण उंदीर कमी झाले की सापाला तिकडे येण्याचे कारणच कमी होते.

हाताशी पैसे थोडे असतील तर संपूर्ण आवाराला हलकी जाळी लावण्यापेक्षा रात्रीच्या खोलीलाच सर्व बाजूंनी, छतासकट, 12 मिलिमीटरची जाळी लावावी आणि सूर्यास्ताला दार बंद करावे. ही वेळ पाळणे जमणार नसेल तर प्रकाशावर किंवा घड्याळावर चालणारे स्वयंचलित दार घ्यावे, पण सर्व कोंबड्या आत गेल्या की नाही हे ते पाहत नाही. खुडूक कोंबडीकडे विशेष लक्ष द्यावे. ती कुठेतरी आडोशाला अंड्यांवर बसून राहते, म्हणून तिला अंड्यांसह रात्री आतल्या पेटीत हलवावे. एवढे करूनही साप आत आढळला, तर त्याला हात लावू नये आणि मारूही नये. कोंबड्या बाहेर काढता येत असतील तर काढाव्यात, लांबून त्याच्यावर नजर ठेवून सर्पमित्राला बोलवावे, आणि त्याने साप नेल्यावर तो शिरला ती फट त्याच दिवशी शोधून बुजवावी.