घरच्या फराळासाठी ट्रेड लायसन्स काढलं, माझा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या), चकल्या, लाडू मी सहा वर्षं घरातूनच देत होते, आधी ओळखीतल्यांना, मग त्यांच्या ओळखीतल्यांना, आणि असं करता करता २०२३ च्या मे महिन्यात एका दुकानदाराने विचारलं की वहिनी, माझ्याकडे पण ठेवा की, फक्त पाकिटावर फूड लायसन्सचा नंबर पाहिजे. तिथून हे सगळं सुरू झालं. शहराचं नाव घालत नाही, उत्तर गोवा एवढं पुरे. पालिकेतल्या माणसांशी माझं काही भांडण नाही, पण जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी चांगलं सांगते. फूडचं रजिस्ट्रेशन फॉस्कॉस पोर्टलवर, म्हणजे अन्न परवान्यांच्या सरकारी साइटवर, घरबसल्या झालं. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधं रजिस्ट्रेशन पुरत होतं, फी वर्षाला १०० रुपये, मी पाच वर्षांचे ५०० एकदम भरून टाकले. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, बस. आठवड्याभरात १४ आकडी नंबर हातात. ह्याला पाचपैकी पाच. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी रजिस्ट्रेशन पण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा आणि बंद करा, माझ्या जावेचे दीड हजार असेच गेले.

मला वाटलं झालं काम. पण फूडचा नंबर म्हणजे पदार्थाच्या स्वच्छतेचा विषय, ह्या घरात धंदा करायला हरकत नाही हे सांगणार पालिका, गावात असाल तर पंचायत. त्याचं ट्रेड लायसन्स वेगळं. पालिकेत गेले, कौंटरवर फॉर्म आणि कागदांची यादी मिळाली: घरपट्टीची पावती, मालकीचा कागद, स्वयंपाकघराचा नकाशा, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला. मी एकेक जमवत बसले आणि मधल्या काळात उत्साहाच्या भरात मागच्या पडवीत लाद्या घातल्या, ओटा बांधला, सिंक बसवलं, ३८ हजार गेले. जुलैत फाइल परत आली, वर पेनने एवढंच लिहिलेलं, झोनचा दाखला जोडा. यादीत ते नव्हतंच! हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर.

तर झोनचं असं आहे. शहराच्या हद्दीत जमिनीचा वापर ओडीपीत, म्हणजे बाह्य विकास आराखड्यात ठरलेला असतो, १९७४ च्या नगरनियोजन कायद्याखाली. एस म्हणजे सेटलमेंट, राहण्याची जागा, सी म्हणजे कमर्शियल. ओडीपीच्या बाहेरच्या गावांना प्रादेशिक आराखडा २०२१ बघतात. त्यामुळे तुमच्या घराला पाच खोल्या असोत की दोन, तुमचा सर्व्हे नंबर नकाशावर कुठल्या रंगात पडलाय ते आधी बघतात. मी सर्व्हेचा उतारा आणि प्लॅन घेऊन नियोजनाच्या ऑफिसात गेले. टेबलावरच्या माणसाने मोठा रंगीत नकाशा पसरला, बोट फिरवत फिरवत आमच्या नंबरावर आला, घर सेटलमेंटमध्ये निघालं, माझा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याचं बोट थोडं मागे सरकलं. रस्ता रुंदीकरणाची रेघ बरोबर आमच्या पडवीतून गेलेली. आणि पडवीला मंजुरी पण नव्हती, सासऱ्यांनी कधीतरी पत्रे घालून वाढवलेली. म्हणजे तिथे परवाना नाहीच, जुन्या स्वयंपाकघरातच करायचं. त्या दिवशी घरी येऊन त्या नव्या ओट्याकडे बघवेना.

दुसरी अडचण घरपट्टीची. पावती अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन चार वर्षं झाली. मग सगळ्या वारसांची संमती मागितली आणि आपल्याकडे गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात ना, म्हणून नुसत्या दिरांच्या नाही तर जावांच्याही सह्या. धाकटा दीर कुवेतला. त्याची सही यायला तीन आठवडे गेले. ज्यांची घरपट्टी अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहे त्यांनी हे काम आजच हातात घ्या, धंदा करायचा नसला तरी.

आरोग्य खात्याची तपासणी मात्र खूप चांगली झाली. बाई आल्या, टाकीचं झाकण स्वतः उघडून आत बघितलं, पिठाचे डबे जमिनीवर होते ते फळीवर घ्या म्हणाल्या, खिडकीला जाळी लावायला सांगितली, तळणीचं तेल किती वेळा वापरता ते विचारलं. कुठेही दमात घेतलं नाही. जाळी लावून चार दिवसांनी फोटो दाखवला, दाखला मिळाला. आणि पालिकेतल्याच एका क्लार्क बाईंनी, ज्यांचं ते टेबलही नव्हतं, मला एका जुन्या पावतीच्या पाठीवर सगळा क्रम लिहून दिला: आधी झोन, मग घरपट्टी, मग नकाशा, मग आरोग्य, शेवटी अर्ज. तो कागद मी जपून ठेवलाय. असाच एक कागद कौंटरच्या भिंतीवर लावला तर किती बायकांचे हेलपाटे वाचतील, खरंच सांगते, ह्याला एक पैसाही खर्च नाही.

बाहेर एक एजंट १५ हजारांत सगळं करून देतो म्हणाला. मी नाही दिले. फी, नोटरी, झेरॉक्स, बसभाडं धरून माझा खर्च चार हजारांच्या आत राहिला, वेळ मात्र साडेतीन महिने. १२ सप्टेंबरला परवाना मिळाला, १९ ला चवथ. त्या आठवड्यात आम्ही तिघीजणी रात्री एकपर्यंत नेवऱ्या भरत होतो.

दोन स्टार कापले ते त्या अपुऱ्या यादीसाठी, ३८ हजार माझ्यासारखीला थोडे नसतात. आणि अजून एक वाटतं, स्वयंपाकघरात तीन बायका नेवऱ्या करतात त्याला आणि बेकरीच्या कारखान्याला फॉर्म एकच कसा? कामगार किती, यंत्रं किती हॉर्सपॉवरची, हे कॉलम मी रिकामे सोडले तर तेही विचारायला परत बोलावलं. घरगुती कामाला वेगळा, एका पानाचा फॉर्म हवा.

शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या, ते फार महत्त्वाचं. आमच्या बाजूच्या काकांना धुराची काळजी होती, आम्ही चिमणीचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं, विषय मिटला. तक्रार गेली असती तर फाइल तिथेच अडकली असती. माझ्या परवान्यावर ३१ मार्चची तारीख आहे, रिन्यूअलला चालू वर्षाची घरपट्टी भरलेली लागते, ती फेब्रुवारीतच भरून पावतीची झेरॉक्स फाइलला लावून ठेवा.