एसबीआय कॅशबॅक की अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय?

घरखर्चासाठी ही दोन्ही क्रेडिट कार्डं वापरतेय. अ‍ॅमेझॉनवालं लाइफटाइम फ्री, प्राइम (अ‍ॅमेझॉनची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) असेल तर अ‍ॅमेझॉनवर ५% कॅशबॅक, नसेल तर ३, पण दुकानात स्वाइप केलं की १ टक्काच, आणि कॅशबॅक अ‍ॅमेझॉन पे बॅलन्समध्ये येतो, बिलातून वजा होत नाही. एसबीआयचं बहुतेक ऑनलाइन खरेदीवर ५% देतं आणि तो सरळ बिलातच वळता होतो, मला हेच जास्त आवडतं. फी मात्र ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे ११७९, वर्षाला २ लाख खर्च केला तर माफ. अ‍ॅमेझॉन सोडून महिन्याला अडीच हजारांची तरी ऑनलाइन खरेदी असेल तरच घ्या, तेवढ्यात फी निघते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दोन्ही सारखीच. आणि प्लीज, मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरून थांबू नका, व्याजात सगळा कॅशबॅक जातो.