सात फुटी फाटक आणि 132 मिलिमीटरचा फरक: मध्यम एसयूव्ही घ्यावी की मोठी?

सोलापुरात दक्षिण कसब्यातील आमच्या घराचे फाटक सात फुटांचे, म्हणजे 2134 मिलिमीटर रुंदीचे आहे. हे माप मी प्रथम घेतले ते 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, टाटा सफारी चालवून पाहून घरी परतल्यावर. त्याआधी तीन आठवडे इंजिन, एअरबॅग आणि सनरूफ यांची खलबते घरात रोज चालली होती. पण गाडी आत कशी यायची, हा प्रश्न आईने विचारेपर्यंत कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

मुळात मोठ्या गाडीचा विचार मनात शिरला तो करामुळे. 22 सप्टेंबर 2025 रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. तोपर्यंत चार मीटरपेक्षा लांब, पण 1500 सीसीच्या आतले इंजिन असलेल्या गाडीवर उपकर धरून 45 टक्के कर होता आणि त्यावरच्या इंजिनाच्या एसयूव्हीवर 50 टक्के. नव्या रचनेत या दोन्हींवर सरसकट 40 टक्के कर आला. म्हणजे ह्युंदाई क्रेटाचा कर पाच टक्क्यांनी उतरला, तर दोन लिटर डिझेल इंजिनाच्या सफारीचा दहा टक्क्यांनी. परिणामी अठरा-एकोणीस लाखांच्या आसपास अशी जागा तयार झाली, की जिथे सगळ्या सोयींनी भरलेली मध्यम गाडी आणि मधल्या श्रेणीतील मोठी गाडी एकाच किमतीत समोरासमोर उभ्या राहिल्या. त्याच पैशात हातभर मोठी गाडी मिळत असेल तर लहान का घ्यायची, असे कोणालाही वाटेल, आम्हालाही वाटले.

येथे एक खुलासा करतो. आपल्याकडे उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला एसयूव्ही म्हणण्याची पद्धत आहे. परंतु स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनर यांच्यासारख्या गाड्या ट्रकप्रमाणे वेगळ्या चासिसवर बांधलेल्या असतात, तर क्रेटा, एलेव्हेट, ग्रँड विटारा, हॅरियर, सफारी, एक्सयूव्ही 700 या गाड्यांची बॉडी आणि सांगाडा एकसंध असतो. या दुसऱ्या जातीलाच क्रॉसओव्हर म्हणतात. डांबरी रस्त्यावर त्या मोटारीसारख्या शांत चालतात, आणि आमचे नव्याण्णव टक्के फिरणे डांबरी रस्त्यावरच होत असल्यामुळे पहिल्या जातीचा विचार आम्ही केला नाही.

आता फाटकाकडे वळतो. क्रेटाची रुंदी 1790 मिलिमीटर, एक्सयूव्ही 700 ची 1890 आणि सफारीची 1922. कागदावर क्रेटा आणि सफारी यांच्यातील 132 मिलिमीटर म्हणजे जेमतेम पाच इंच. पण फाटकातून सफारी नेताना आरसे मिटूनही दोन्ही बाजूंना साडेदहा सेंटिमीटर उरतात, आणि क्रेटाला सतरा. साडेदहा सेंटिमीटरमधून गाडी काढता येते, मात्र ती रोज रात्री, पावसात, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना काढावी लागते. आतल्या बोळात भिंत आणि जिना यांच्यामध्ये आठ फूट जागा आहे. तिथे सफारी भिंतीला अगदी चिकटवून लावली तरी चालकाच्या दाराला अर्धा मीटरच उरतो, आणि माझ्या देहयष्टीच्या माणसाला त्यातून तिरके होऊनच बाहेर पडावे लागते. लांबीचा त्रास मला फारसा वाटला नाही. क्रेटा 4330 मिलिमीटर आणि सफारी 4668, म्हणजे फूटभराचा फरक. तो कॅमेऱ्याच्या मदतीने निभावतो. चाटी गल्लीत किंवा मधल्या मारुतीपाशी समोरून हातगाडी आली की अडते ती रुंदीच. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडवरील बंगल्यात राहणाऱ्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

मोठ्या गाडीचे खरे आकर्षण म्हणजे तिसरी रांग. सफारीच्या तिसऱ्या रांगेत माझा पंधरा वर्षांचा पुतण्या आरामात बसला, मी गुडघे छातीशी घेऊन बसलो, आणि बहात्तर वर्षांच्या आईने तिकडे नुसते पाहून मान हलवली. एक्सयूव्ही 700 मध्ये दुसऱ्या रांगेचे आसन एका झटक्यात पुढे उलटते, त्यामुळे मागे शिरणे सोपे जाते. तरीही साडी नेसलेल्या बाईला ती कसरत रोज करायला सांगणे योग्य नव्हे. शिवाय सर्व आसने उघडी असताना सफारीच्या डिकीत केवळ 73 लिटर जागा राहते. सात माणसे पुण्याला निघाली, तर नातेवाइकांसाठी बांधलेला चादरींचा एक गठ्ठा आणि कडक भाकरी व शेंगा चटणीची पिशवी एवढ्यातच ती भरते. बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात. तिसरी रांग मिटली की डिकी प्रशस्त होते, पण मग आपण पाच आसनी गाडीच घेतली असे होते. क्रेटाची डिकी 433 लिटरची आहे.

आम्ही मागच्या वर्षाची डायरी काढून मोजले. पाचपेक्षा अधिक माणसांनी एकत्र प्रवास केल्याचे दिवस नऊ भरले: गड्डा यात्रेला आलेले पाहुणे, दोन लग्ने, अक्कलकोटच्या तीन फेऱ्या, मोहोळजवळच्या शेतावरची हुरड्याची पार्टी, भाऊबीज आणि एकदा पंढरपूर. उरलेल्या 356 दिवसांत बहुतेक वेळा गाडीत दोघेच होतो.

चढ-उतारही पाहिला. सफारी 1795 मिलिमीटर उंच, क्रेटा 1635. आईने क्रेटाचे दार उघडले, पाठमोरी होऊन बसली आणि पाय आत घेतले, कारण आसन नेमके कमरेच्या उंचीला येते. सफारीत तिला आधी पाय वर टाकावा लागला, मग वरचे हँडल धरावे लागले. गुडघेदुखीच्या माणसासाठी ही चाचणी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाची आहे, आणि ती शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर न घेता रस्त्याच्या कडेला घ्यावी.

मात्र महामार्गावर मोठी गाडी मोठीच असते, हे मान्य केलेच पाहिजे. सफारीच्या 170 अश्वशक्तीच्या आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्कच्या डिझेल इंजिनाने हैदराबाद रस्त्यावर जो दम दाखवला, तो 116 अश्वशक्तीच्या क्रेटा डिझेलकडे नाही. ऊस हंगामात टेंभुर्णीच्या अलीकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओळीने लागतात आणि त्यांना ओलांडताना पायाखाली ताकद असली की जीव भांड्यात पडतो. पुलांच्या जोडांवरून जाताना सफारी जितकी स्थिर राहते तितकी मध्यम गटातील मी चालवलेली एकही गाडी राहत नाही. महिन्यातून चार वेळा पुणे गाठणाऱ्याने आणि घरापुढे जागा असणाऱ्याने मोठीच गाडी घ्यावी, असे मी बिनदिक्कत सांगेन. माझे पुणे महिन्याला एकदा, म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर.

सुरक्षिततेतही पारडे मोठ्या गाड्यांकडेच झुकते. हॅरियर आणि सफारी यांना डिसेंबर 2023 मध्ये भारत एनकॅपचे (गाडी आदळवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे) पाच तारे मिळाले, एक्सयूव्ही 700 ला नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच. मध्यम गटात स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांनी 2022 मध्ये पाच तारे मिळवले, पण त्या केवळ पेट्रोलमध्ये येतात आणि मागे तिघे मोठे बसले की खांद्याला खांदा लागतो. क्रेटाच्या जुन्या रूपाला, दोन एअरबॅग असताना, 2022 मध्ये तीनच तारे मिळाले होते. आता सहा एअरबॅग सर्व श्रेणींत आहेत. तरी ही बाजू मला आजही सलते.

खर्चाचा हिशेब वर्षाला 12,000 किलोमीटर धरून केला. तेव्हा पेट्रोल लिटरला शंभराच्या वर होते, डिझेल नव्वदीच्या घरात. मध्यम पेट्रोल गाडीने 13 चे अ‍ॅव्हरेज दिले तर वर्षाला साधारण 96,000 रुपये लागतात. मोठ्या डिझेल गाडीने 12 चे दिले तर 91,000. म्हणजे मोठी गाडी इंधन पिते हा समज डिझेलच्या बाबतीत अर्धवटच खरा आहे. खरी बचत मध्यम डिझेलमध्ये आहे: 17 चे अ‍ॅव्हरेज धरले तर 64,000 रुपये. ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी, जिचे अधिकृत मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे, प्रत्यक्षात 20 देईल असे धरले तरी जवळपास तेवढ्याच रकमेत येते आणि सात रस्त्यावरच्या गर्दीत ती डिझेलपेक्षा कितीतरी शांत चालते. पण बॅटरीमुळे तिची डिकी 265 लिटरवर येते. डिझेलला महाराष्ट्रात रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, म्हणजे अठरा लाखांच्या गाडीवर 36,000 रुपये. शिवाय केवळ पेठेतल्या पेठेत फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये, कारण डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळण्यासाठी अधूनमधून महामार्गावरची सलग धाव लागते.

होंडा एलेव्हेटचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) आणि 458 लिटरची डिकी असलेली ही गाडी आमच्या गतिरोधकांसाठीच बनवली असावी असे वाटते. डिझेल नाही म्हणून ती मागे पडली. पॅनोरमिक सनरूफबद्दल इतकेच, की ज्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 43 अंशांवर जातो, तिथे डोक्यावर काचेचे छप्पर घेण्यासाठी वेगळे पैसे मोजणे ही हौस आहे. हवेशीर आसने मात्र घ्यावीत.

एक तिसरा मार्गही आहे. ह्युंदाईच्याच अल्काझारची रुंदी 1800 मिलिमीटर, म्हणजे क्रेटापेक्षा एका सेंटिमीटरने अधिक, आणि व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) 2760, म्हणजे एक्सयूव्ही 700 पेक्षाही दहा मिलिमीटरने लांब. ती आमच्या फाटकातून जाते आणि सात आसनेही देते. परंतु डिझेल इंजिन क्रेटाचेच आहे, त्यामुळे सातही आसने भरली की चढावर ती दमते. डायरीतले दिवस नवाऐवजी तीस भरले असते, तर मी तीच घेतली असती.

एका शोरूमने कोटेशनमध्ये हाताळणी शुल्क म्हणून काही हजार रुपये घातले होते. ते कशाचे, असे विचारल्यावर विक्रेत्याने पेन काढून ती ओळ निमूटपणे खोडली. विम्यासाठीही बाहेरचा दर विचारून घ्यावा. आम्हाला तो बराच कमी पडला.

शेवटी क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक नोंदवली आणि दिवाळीत ती घरी आली. पहिल्या रात्री फाटकातून आत घेताना आरसे मिटावे लागले नाहीत. भाऊबीजेला मात्र सातजण होतो, म्हणून भाड्याने अर्टिगा आणली, ती परत करताना मेहुणे डिकीकडे बघत म्हणाले, "दाजी, सफारीच घ्यायची होती." त्यांचे घर होटगी रोडवर आहे आणि त्यांचे फाटक बारा फुटांचे आहे.